पथ्याच्या कढईतला पास्ता

मी एक जुनी बिडाची कढई आहे. मित्रांनो, बीड म्हणजे ओतीव लोखंड. मी चांगलीच जड आहे आणि एका हाताने मला उचलायला आलेल्या माणसाला मी आजवर कधी माफ केलेले नाही. माझा रंग काळा आहे, पण तो मळ नव्हे. वर्षानुवर्षे तेल पिऊन अंगावर चढलेली ती तुकतुकी आहे. स्वतःची स्तुती स्वतः करू नये असे म्हणतात. पण आमच्या ओट्यावरच्या नव्या भांड्यांना दुसऱ्याचे कौतुक करायची सवय नाही, म्हणून हे काम माझ्याच गळ्यात पडते.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. ओल्या वाळूचा साचा होता, आणि त्यात लोखंडाचा लालभडक रस ओतणारा एक म्हातारा ओतारी होता. रस निवला, साचा फोडला आणि मी बाहेर आले. ओताऱ्याने मला दोरीने टांगले आणि हातोडीने हळूच ठोकले. कढईत कुठे बारीकशी चीर असली तर आवाज बद्द येतो. माझा आवाज बराच वेळ घुमत राहिला. माझ्याबरोबर निघालेल्या दोन कढया त्याने पुन्हा भट्टीत टाकल्या, आणि माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ही चालेल." ओतारी फार बोलणारा माणूस नव्हता. त्याचे ते दोन शब्द मी पुढे कितीतरी वर्षे जपून ठेवले.

तिथून मी एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आले. मागच्या अंगणाला लागून ती एक लांबट खोली होती. उंच खिडक्या, सहा शेगड्या, आणि प्रत्येक शेगडीच्या वर भिंतीत आकड्यांची एक रांग. मोठमोठ्या पातेल्यांत शंभर-शंभर माणसांचे शिजायचे. मी त्यांच्यापुढे चिमुकलीच होते. पण माझे काम निराळे होते. ज्या आठ-दहा रोग्यांना वेगळे पथ्य असे, कुणाला मीठ वर्ज्य, कुणाला तिखट वर्ज्य, कुणाच्या अंगात रक्त कमी, त्यांचे जेवण माझ्यात होई. म्हणून माझे नाव पडले पथ्याची कढई. पातेल्यांना मी कधी मोठेपणा दाखवला नाही, असे मी म्हणाले तर ती माझी थाप ठरेल.

त्या शेगडीवर मावशी होती. इस्पितळात सगळ्याच कामकरी बायकांना मावशी म्हणत, पण नुसते "मावशीला विचारा" म्हटले की लोक हिच्याकडेच येत. अंगाने सडपातळ, बोलणे तुटक, हात मात्र असा की तिने चिमटीत घेतलेल्या मिठाला दुसऱ्यांदा बघावे लागत नसे. तिच्या कामाची एक ठरलेली रीत होती. रोग्याच्या आहाराची चिठ्ठी वरून आली की ती खालचा अर्धा भाग मागे जाईल अशी मधोमध आडवी दुमडायची आणि शेगडीवरच्या आकड्याला टोचायची. वरच्या अर्ध्या भागात खाटेचा नंबर आणि काय शिजवायचे ते असे. खालच्या अर्ध्या भागात औषधांच्या वेळा आणि नर्सच्या नोंदी असत. नव्या मदतनीस बायकांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "बाहेरचं आपलं, आतलं नर्सचं. आत डोकवायचं नाही आणि आकड्यावरच्या चिठ्ठीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." तीस वर्षे तिने याच रीतीने काम केले. त्या तीस वर्षांत एकही ताट चुकीच्या खाटेवर गेले नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेले सांगते आहे.

पुढे इस्पितळाने जेवणाचे काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिले. मावशीला निरोप देताना साहेबांनी तिच्यासाठी भिंतीवरचे घड्याळ आणले होते. मावशी म्हणाली, "घड्याळ घरी आहे साहेब. मला ती कढई द्या." साहेब हसले, पण त्यांनी दिली. मला साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून, दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती बसने घरी घेऊन आली. सबंध बसमध्ये माझ्याइतकी ऐटीत बसलेली दुसरी कुणी नव्हती.

घर तिसऱ्या मजल्यावर होते. स्वयंपाकघर एवढे अरुंद की दोन माणसे एकमेकांना ओलांडून जायची म्हटली तर एकाने पोट आत घ्यावे लागे. घरात मावशी आणि तिचा मुलगा. मावशी लाडात आली की त्याला चिरंजीव म्हणायची, म्हणून मीही तसेच म्हणते. चिरंजीव इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठे लिफ्ट अडकली, आत माणसे अडकली, की यांचा फोन वाजायचा. मग लग्न होऊन सूनबाई आल्या. त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे काम करत. नजर बारीक, हात हलका, आणि हसल्या की शेजारच्या घरात ऐकू जाईल असे हसणे. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. पण त्यांच्याबरोबर आहेरात एक तवा आला, काहीच चिकटत नाही म्हणून मिरवणारा. तिघांच्या स्वयंपाकाला मी जड, घासायला जड, उचलायला जड. हळूहळू मी ओट्याखालच्या कपाटात गेले आणि माझ्यात कांदे-बटाटे राहायला आले.

मित्रांनो, कांद्या-बटाट्यांबद्दल माझे मन वाईट नाही. पण ज्या कढईने रोग्यांना बरे होऊन घरी जाताना पाहिले, तिने कोंब फुटलेले बटाटे सांभाळत बसावे याचे दुःख होतेच. ओल लागून माझ्या बुडाशी गंज चढला. पाच वर्षे मला तेलाचा थेंब लागला नाही. त्या अंधारात मी पडून होते आणि घरातले बोलणे मात्र सगळे ऐकत होते.

या घरात बाळ यावे अशी तिघांचीही फार इच्छा होती. एकदा एक बाळ यायला निघालेही होते. पण दुसऱ्या महिन्यातच ते परत फिरले. त्यानंतर सूनबाईंचे हसणे शेजारी ऐकू जाईनासे झाले. एकदा चिरंजीवांशी बोलताना त्यांनी सांगून टाकले, "अजून एक वर्ष. त्याच्यापुढे मला नाही जमणार. रोज वाट बघून जीव मेटाकुटीला येतो."  चिरंजीव म्हणाले, "बरं. एक वर्ष." म्हणजे आता सगळे त्या एका वर्षात होते.

डॉक्टरांनी त्यांना एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. ठरल्या दिवशी चिरंजीवांना निघता आले नाही, कारण कुठल्याशा दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली होती. म्हणून मावशी सुनेबरोबर गेली. सूनबाई रक्त द्यायला आतल्या खोलीत गेल्या असताना बाईंनी विचारले, "घरी स्वयंपाक कोण करतं?" मावशी म्हणाली, "मी. तीस वर्षं इस्पितळात पथ्याचंच केलंय." बाईंना हायसे वाटले. त्यांनी कागद मावशीच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "मग प्रश्नच नाही. यात सगळं लिहिलंय." हे सारे मावशीने घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितले. सांगता सांगता तिच्या हातांनी आपले काम केले होते. कागद मधोमध आडवा दुमडून घरच्या शेगडीवर तिने ठोकून घेतलेल्या आकड्याला टोचून टाकला होता.

कागदावर लिहिले होते: आठवड्यातून दोनदा कोंबडीच्या मांसाचा आणि पालकाचा पास्ता, अख्ख्या गव्हाचा. सोबत शिजवलेले दाणेदार कडधान्य, टोमॅटो, थोडे अक्रोड. बाकीच्या दिवशी अंडी, डाळी, फळे, पालेभाज्या. शेवटी एक ओळ होती: रक्तात लोह कमी आहे, शक्यतो लोखंडाच्या भांड्यात शिजवावे.

ती शेवटची ओळ मावशीने मोठ्याने वाचली, आणि कपाटाचे दार उघडले.

बटाटे बाहेर गेले. मावशीने मला जाड्या मिठाने घासले, इतके की तिच्या मनगटाची शीर तटतटली. मग धुऊन, कोरडी पुसून, तापवून, तेल लावले. पुन्हा तापवले, पुन्हा तेल लावले. तीन दिवस हे चालले. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या काठावर नखाने टिचकी मारली, मी घुमले, आणि ती स्वतःशीच हसली. त्या दिवशी नवा तवा खुंटीवर गप्प होता.

पहिला पास्ता मात्र सपशेल फसला. मावशीने उभ्या आयुष्यात पास्ता केला नव्हता. रोग्यांना गिळायला सोपे जावे म्हणून सगळे मऊ शिजवायची तिची सवय, त्यामुळे पास्त्याचा लगदा झाला. वर टोमॅटो माझ्यात तासभर रटरटत ठेवले. आंबट पदार्थ लोखंडात फार वेळ राहिला की काळवंडतो आणि त्याला लोखंडाची चव येते. सूनबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "आई, चांगलं आहे. फक्त कुलूप चाटल्यासारखं लागतंय." चिरंजीव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशीही हसली. मला राग आला होता, पण सूनबाईंनी पुष्कळ दिवसांनी थट्टा केली होती, म्हणून मी तो गिळला.

दुसऱ्या खेपेला मावशी सुधारली, आणि पाचव्या-सहाव्या खेपेला तर तिच्या हाताला तोड राहिली नाही. मी तिचे कौतुक केल्याशिवाय पुढे जाणार नाही. सकाळीच ती कोंबडीचे तुकडे दही, लसूण, मिरपूड आणि लिंबाच्या रसात मुरत ठेवायची. मला चांगली तापवून, तेल सोडून, एकेक तुकडा सुटासुटा मांडायची आणि मग हात मागे घेऊन उभी राहायची. घाईच्या स्वयंपाकिणी तुकडे सारख्या ढवळत बसतात. मावशीला ठाऊक होते की खालची बाजू लालसर झाली की तुकडा आपोआप माझे बूड सोडतो. तुकडे आतपर्यंत शिजल्याची खात्री करून ती ते बाजूला काढायची. मग माझ्यात कांदा, लसूण, आणि टोमॅटो अगदी जेमतेम मऊ होईपर्यंत. दुसऱ्या भांड्यात पास्ता दाताला किंचित लागेल इतपतच शिजायचा. त्यातले वाटीभर पाणी राखून ते ती माझ्यात ओतायची, म्हणजे रस्सा दाट होऊन पास्त्याला धरून बसे. कडधान्य, पास्ता, तुकडे, आणि शेवटी गॅस बंद करून मूठ-मूठ पालक. पालक माझ्या नुसत्या उबेने नरम पडायचा आणि हिरवाच राहायचा. वरून कुटलेले अक्रोड. वास जिन्यातून खालपर्यंत जायचा.

पण ताट एकच वाढले जायचे.

इस्पितळातली दुसरी रीत अशी होती की पथ्याचे ताट आधी, आणि पथ्याचे ते पथ्याचेच. मावशी ट्रेमध्ये स्वच्छ रुमाल पसरायची, ताट मांडायची आणि सूनबाईंपुढे ठेवायची. ताट संपेपर्यंत ती शेजारी उभी राहायची. मग घरातली बाकीची दोघे साधे काहीतरी खायची. चिरंजीव तर बहुतेक दिवस बाहेरच खाऊन यायचे, दोन कामांच्या मध्ये एखाद्या टपरीवर उभ्याने तळलेले काहीबाही, वर चहा आणि सिगरेट. त्यांना कुणी विचारत नव्हते. कागदावर त्यांच्याबद्दल काही दिसत नव्हतेच.

पहिला महिना सूनबाईंनी ताट चाटूनपुसून संपवले. दुसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "तुम्ही पण घ्या ना." मावशी म्हणाली, "तुझं आहे ते." तिसऱ्या महिन्यात ताटातले तुकडे उरू लागले आणि मावशीची पाठ वळली की गुपचूप माझ्यात परत येऊ लागले. चौथ्या महिन्यात त्या दुकानातून मुद्दाम उशिरा यायला लागल्या. माझ्या कडेला चिकटून राहिलेले ते थंड तुकडे मला जड वाटत. मी इतक्या रोग्यांना जेवू घातले, पण धडधाकट माणूस आपल्यासमोर वाळत चाललेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

पाचव्या महिन्यात एका बुधवारी सूनबाईंनी ट्रे दोन्ही हातांनी मागे सरकवला. आवाज चढवला नाही.

"आई, मी आजारी नाहीये."

"आजारी कोण म्हणतंय? डॉक्टरीणबाईंनी—"

"तुम्ही शेजारी उभ्या राहता, मी एकटी चावत बसते. हे ताट रोज मला सांगतं की बिघाड तुझ्यातच आहे. तेवढं ऐकून पुरे झालं आता. वर्षभर थांबायचंही पुरे झालं. मला नको."

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. मावशी ट्रे धरून उभीच राहिली. 

गुरुवार, शुक्रवार, शनिवार सगळे एकमेकांशी कामापुरतेच बोलले. रविवारी सकाळी चिरंजीव बाह्या सरसावून स्वयंपाकघरात आले. मावशी बाहेरच्या खोलीत पालक निवडत बसली होती.

"आई, आज मी करतो. तू बसून राहा."

"तुला जमणार आहे का?"

"कागद आहे की समोर." आणि त्यांनी आकड्यावरचा कागद काढला.

"त्याला हात लावू नकोस," मावशी तिथूनच म्हणाली.

पण चिरंजीव लिफ्टवाले. तारांचा नकाशा हातात आला की आधी चारही कोपरे बघायचे, ही त्यांच्या धंद्याची शिस्त. अर्धा नकाशा वाचून हात घातला तर कुणीतरी मध्येच लटकते. त्यांनी घडी उलगडली. पाच महिने टोचून राहिल्याने घडीवर कागद फाटायला आला होता. ते उभ्या उभ्या वाचू लागले, आणि वाचता वाचता स्टुलावर बसले.

"आई, हे तू वाचलंस?"

"काय?"

"आतलं."

मावशी पालकाची जुडी हातात घेऊनच दारात आली. सूनबाईही आतून आल्या, कारण त्यांच्या नवऱ्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. चिरंजीवांनी मोठ्याने वाचले. वरच्या अर्ध्या भागावर जसे "पत्नीसाठी" लिहिले होते, तसे खालच्या अर्ध्या भागावर "पतीसाठी" लिहिले होते. पास्ता तोच, अंडी तीच, पालेभाज्या त्याच. बाहेरचे तळलेले बंद. सिगरेट बंद. पतीची तपासणी राहिली आहे, ती पंधरा दिवसांत करून घ्यावी. आणि सगळ्यात खाली बाईंनी हाताने लिहिले होते: हे अन्न म्हणजे काही जादू नाही. बाळ येईलच असे कुणी सांगू शकत नाही. पण दोघांची शरीरे धडधाकट राहावीत. शक्यतो दोघांनी एकत्र बसून जेवावे.

 बाहेरचं आपलं, आतलं नर्सचं. मावशीने जन्मभर जो अर्धा भाग नर्सचा म्हणून सोडला, त्यातच तिच्या मुलाचे ताट होते.

मित्रांनो, इथे मला तुम्हाला मावशीचा खरा मोठेपणा सांगायचा आहे. माणसाची चूक उघडी पडली की तो आधी आजूबाजूला बघतो, दुसरे कुणी सापडते का म्हणून. बाईंनी तोंडी सांगायला हवे होते, चिरंजीवांनी स्वतः जायला हवे होते, असे म्हणायला तिला जागा होती. तिने त्यातले काही केले नाही. तिने जुडी ओट्यावर ठेवली, हात पदराला पुसले आणि सरळ सुनेपुढे जाऊन उभी राहिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी तुला पाच महिने खाट नंबर दिला. तू पेशंट नव्हतीस. तुम्ही दोघं होतात."

सूनबाईंचे डोळे भरले. "आणि मी म्हणत होते की माझ्यातच..."

"तुझ्यातच नाही. माझ्या वाचण्यात."

"आई, जाऊ दे," चिरंजीव म्हणाले. "मी तरी कुठे विचारलं? रोज हिचं एकटीचं ताट बघत होतो आणि खाली जाऊन वडे तळणाऱ्याशी गप्पा मारत होतो."

"तू गप्प बस. तुझा हिशेब वेगळा आहे. उद्या सकाळी तपासणीला जायचं. आणि खिशात काय आहे ते इथे ठेव."

चिरंजीवांनी सिगरेटचे पाकीट मुकाट्याने ओट्यावर ठेवले. सूनबाईंना रडता रडता हसू फुटले, आणि ते हसणे चांगले मोठे होते.

त्या दिवशीचा पास्ता तिघांनी मिळून केला. अरुंद स्वयंपाकघरात तिघांनी पोटे आत घेतली. चिरंजीवांनी तुकडे फार लवकर उलटले आणि चार माझ्या बुडाला चिकटून फाटले. मी मुद्दाम केले नाही, पण फार प्रयत्नही केला नाही. दोन ताटे वाढून झाल्यावर सूनबाईंनी तिसरे घेतले. मावशी म्हणाली, "मला कशाला? कागदावर माझं नाव नाही." सूनबाई म्हणाल्या, "कागद मी आता वाचते. बसा." मावशी बसली. शिजवलेले गरम असतानाच खाताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिले. दोन-तीन घास झाल्यावर ती म्हणाली, "मीठ बरोबर आहे," जणू दुसऱ्याच कुणी घातले होते.

चिरंजीवांच्या तपासणीत थोडी उणीव निघाली. घाबरण्यासारखी नव्हती, पण होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सिगरेट पुन्हा हाती न धरायची तंबी दिली, आणि थांबायला सांगितले. थांबणे हेच सगळ्यात कठीण काम. त्या काळात मी या दोघांना जवळून पाहिले, म्हणून सांगते. चिरंजीवांनी सिगरेट सोडली, ती काही हसतखेळत सोडली नाही. पहिला महिना ते लवंग चावत आणि दार आपटत हिंडले. सूनबाई दुकानातून वेळेवर येऊ लागल्या आणि लसूण सोलायला बसू लागल्या. चष्म्याच्या काचा घासणारे ते हात लसूण असा सोलत की एक साल मागे राहत नसे. एकदा आठ दिवस घरात आशा लागली होती, सगळे हळू आवाजात बोलत होते. नवव्या दिवशी ती आशा मावळली. मला वाटले, झाले, आता मी पुन्हा कपाटात. पण त्याच संध्याकाळी सूनबाईंनी स्वतः मला शेगडीवर ठेवले. "आज बुधवार आहे," एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवशी कुणी फार जेवले नाही, पण तिघेही ताटावर बसले होते. मला त्या तिघांचा इतका अभिमान वाटला की ओताऱ्याचे ते दोन शब्द मी मनातल्या मनात त्यांना देऊन टाकले.

ठरवलेले वर्ष संपले. कुणी त्याचा उच्चारही केला नाही. रविवार आणि बुधवार येत राहिले.

मग एका रविवारी मावशीने माझ्यात तेल सोडले आणि ठेचलेला लसूण टाकला. तोच वास, ज्याच्यावर सूनबाई जीव टाकत. त्या दिवशी मात्र त्यांनी सुरी खाली ठेवली, तोंडावर हात धरला आणि न्हाणीघराकडे धावल्या. मावशीला वाटले, सकाळचे काही बाधले असेल. बुधवारी पुन्हा तेच झाले. या वेळी मावशीने न्हाणीघराच्या बंद दाराकडे पाहिले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले, आणि गॅस बंद केला. तिने दोन फडकी घेतली, मला दोन्ही कानांनी धरून तशी तापलेलीच उचलली, आणि गॅलरीत नेऊन फरशीवर ठेवली. आतला लसूण अजून चरचरत होता.

"आता तुझं इथे काम नाही," ती मला म्हणाली. आणि माझ्याशेजारीच खाली बसून पदर डोळ्यांना लावून रडली, आवाज न करता, आतल्यांना कळू नये म्हणून.

मित्रांनो, आज मला गॅलरीत येऊन दीड महिना झाला. दुसरा महिना चालू होता तेव्हा घर श्वास रोखून होते. तो महिना सरळ निघून गेला. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे यंत्रावर बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू आले. चिरंजीवांनी ते फोनवर भरून आणले आहेत आणि दुधवाल्यापासून सगळ्यांना ऐकवतात. आत सध्या भाजलेला पाव, दही आणि केळी चालू आहेत. तिघेही तेच खातात, एकत्र बसून. नवा तवा शेगडीवर मिरवतो आहे. माझ्या काठावर कबुतरे बसतात. रात्रीच्या दमट हवेने बुडाशी पुन्हा तांबूस गंज धरला आहे. परवा चिरंजीव तेलाची बाटली घेऊन आले होते, पण तेलाचा वास आत जाईल म्हणून तसेच परत गेले.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना तुमच्याकडे काय मागतात, ते मला ठाऊक आहे. आम्हाला टाकू नका, घासा, पुसा, ओल लागू देऊ नका. एरवी मीही तेच मागितले असते. तुमच्या घरी लोखंडाची कढई असेल तर तिला जरूर कोरडी ठेवा, तेल लावा, आणि तिच्यात शिजवलेले सगळ्यांनी मिळून खा. एखाद्याचे ताट वेगळे वाढाल, तर त्याच्या शेजारी नुसते उभे राहू नका, बसा.

माझ्यासाठी मात्र एवढेच करा. आमच्या घरी आलात आणि गॅलरीत मी दिसले, तर हळहळत कुणाला हाक मारू नका. गंज घासून निघतो. आत एक बाई शांत झोपली आहे, तिला लसणाचा वास सहन होत नाही. मला अजून सहा महिने इथेच राहू द्या.